एकेचाळीस हजर

तांबरम,
९ जून २०२५

चि. संयुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले, त्यात आणखी काही शोधू नकोस.

आम्ही दोघं ठीक. उकाडा आहे, बोअरचं पाणी पुन्हा खारट झालंय, अलमेलू आठवड्यातून दोन दिवस दांड्या मारते आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावरच रुसून कामाला येते. आंब्याचं लोणचं घातलं. तुझ्यासाठी बरणी काढून ठेवलेली नाही.

पेरुंगुडीहून तांबरमला यायला तुला तास लागतो. तो तास तुला दोन वर्षांत सापडला नाही, म्हणून शहरातल्या शहरात पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली. माझे वडील नोकरीने पुण्यात होते, मी मराठी शाळेत शिकले, त्यामुळे माझं मराठी तुम्हा मद्रासच्या लोकांना पुस्तकी वाटतं. वाटू दे. सावकाश वाच, अडलं तर दोनदा वाच. तुझ्या पेपरातलं इंग्रजी मीही दोनदा वाचलंय.

मेलवर उत्तर का दिलं नाही ते सांगते. मंगळवारी दुपारी तुझे काका जेवायला बसले होते. डावीकडे कोशिंबीर, समोर सांबारभात, असं मी सांगत होते, कारण त्यांना आता मधलं काहीच दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. तेवढ्यात त्यांचा फोन बोलायला लागला. आलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची ती सोय तूच करून दिली होतीस. 'डिअर काका' पासून सुरुवात झाली आणि मी हातातली पळी टाकून येईपर्यंत त्या यंत्रातल्या बाईने तुझं सगळं म्हणणं वाचून टाकलं. अलमेलूसुद्धा झाडू धरून ऐकत उभी होती.

म्हणणं काय, तर २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत काकांच्या नोंदीतल्या एकेचाळीस डॉल्फिनांपैकी एकही नाहीसा झालेला नाही. शंभरातले शंभर जगले, असं समुद्रात कुठे होत नाही. मोठी धडधाकट जनावरंसुद्धा वर्षाला शंभरात चार-पाच जातातच. 'सो काका, आय नीड टू सी द ओरिजिनल फोटोज.' याला आमच्यात तोंडावर खोटारडा म्हणणं म्हणतात. इंग्रजीत काय म्हणतात ते तुला ठाऊक.

 काका ताकभात न घेताच उठले.  गुरुवारी सकाळी म्हणाले, "पोदुम, पुरे झालं. कार्डांचा डबा काढ, चंद्रिका."

तो बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा तुला चांगला आठवत असेल, त्याच्यावर बसून तू गृहपाठ करायचीस. डॉल्फिनाच्या पाठीवरच्या पराची मागची कड बघायची, तिच्यावरच्या खाचा आणि ओरखडे बघायचे, माणसाच्या अंगठ्यासारखी प्रत्येकाची कड वेगळी, हे तुला कुणी शिकवलं? तुमच्या स्कॉटलंडच्या प्रोफेसरांनी? तुझा बाप गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला रडू येऊ नये म्हणून हा माणूस तुला रविवारी पहाटे एळुमलैच्या बोटीत घालून न्यायचा. तुला उलट्या व्हायच्या आणि तो तुझं डोकं धरून बसायचा. मग घरी येऊन, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे काढणाऱ्या त्याच पेनाने एकेक पर कार्डावर काढायचा. आज तू डॉक्टर झालीस ती त्या डब्यावर बसून.

आणि तोच डबा तू तपासायला मागतेस.

आता हेही लिहिते. तुझ्या पेपरात म्हटलंय की सगळं २०१७ पर्यंत उत्तम होतं आणि २०१८ साली तू येऊन मोजलेस तेव्हा एकदम एकेचाळीसाचे चोवीस झाले. त्याच वर्षी कुप्पमच्या मच्छीमारांनी नवी नायलॉनची जाळी आणली, तेव्हा दोष त्या जाळ्यांचा. त्यावरून २१ जुलैला मत्स्यखात्याची सुनावणी आहे आणि कुप्पमसमोरच्या पट्ट्यात जाळी टाकायला कायमची बंदी घालायचं चाललंय. म्हणजे ज्या एळुमलैच्या बोटीतून तू हे सगळं शिकलीस त्याचीच बोट तू वाळूवर चढवणार. छान. नाव काढलंस.

तुझे काका म्हणतात, मी सुनावणीला येणार. डबा घेऊन येणार आणि सगळ्यांसमोर एकेक कार्डावर हात ठेवून शपथ घेणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, समोरचा जिना दिसत नाही, आणि तुझ्या एका मेलपायी शपथा घ्यायला निघाला आहे. त्यांना तिथे यावं लागू नये इतकं तू बघ. मेल मागे घे. माफी माग. मी बत्तीस वर्षं शाळेत हजेरीपट भरला आणि या घरातल्या नोंदीही मीच त्यांच्यासोबत बसून लिहिल्या. एकही खोटी नाही.

कळावे.

तुझी काकू (नात्याने),
चंद्रिका

ता. क. मूळ फोटोंची हार्ड डिस्क दोन वर्षांपूर्वीच बिघडली. मागू नकोस.

*

तांबरम,
२५ जून २०२५

संयुक्ता,

तुझं पत्र मिळालं. मराठीत लिहिलंस, त्याचं कौतुक मी करीन असं वाटलं असेल तर ते सोडून दे. आठ ओळींत तू तीन प्रश्न विचारलेस. मुलाखत घ्यायला आलेली पोरगी बरी.

पहिला प्रश्न, डिस्क दुरुस्त करून देणारा माणूस ओळखीचा आहे, पाठवू का. नको. माझ्या घरात कुणी येणार नाही.

दुसरा. 'काकू, त्या पाच वर्षांत नवीन कार्ड एकही नाही. कुणी मेलं नाही तसं कुणी नव्याने आलंही नाही. असं कसं?' हे तू आत्ता विचारतेस? सात वर्षं तोच डबा वापरलास, त्यावर पेपर लिहिलेस, परदेशात भाषणं केलीस, तेव्हा डोळे कुठे होते तुझे?

आणि तिसरा. तो लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही? 'काकांना तेव्हा दिसत होतं का?'

तुला काय करायचंय? २०१२ च्या सप्टेंबरात तू विमानात बसलीस. नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग वाळतोय, त्याला औषध नाही. दोन महिन्यांत या घरातून एक मुलगी गेली आणि एका नकाशे काढणाऱ्या माणसाचे डोळे गेले. तुला कळवलं नाही, कारण तुझे काका म्हणाले, पोरीची पहिलीच परीक्षा आहे. ते पंधरा दिवस खुर्चीत बसून होते. भिंतीकडे तोंड करून. मी काय केलं, कसं केलं, हे तेव्हा तू विचारलं नाहीस. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा तुझा, आणि पहिला प्रश्न काकांचा नाही, काकूचा नाही. पहिला प्रश्न कोणाचा असायचा ते तुला ठाऊक आहे.

तुम्ही लोक म्हणता, फोटोत जो दिसेनासा झाला तो मेला की दुसरीकडे गेला हे सांगता येत नाही, हिशेबात दोन्ही सारखेच. मग मी तुला कशात धरायचं? तुझीही दोन वर्षांत या घरी नोंद नाही.

काल एळुमलै आला होता. चप्पल काढून दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. आता त्याचेही केस पांढरे झालेत. तुझ्या काकांना तो अजून 'सार'च म्हणतो. म्हणाला, "अम्मा, सारना कोर्टात नेऊ नका." मी म्हटलं, कोर्ट नाही रे, खात्याची सुनावणी आहे. "तेच ते," म्हणाला. "तिथे आमच्यातली दहा माणसं ओरडायला येणार. त्यातलं कुणी सारना वेडंवाकडं बोललं तर मी कुणाला धरू? माझी जाळी गेली तर जाऊ दे. सारना नका नेऊ."

मी विचारलं, तुझं घर कसं चालेल?

"मुलगा श्रीपेरुंबुदूरला कारच्या कंपनीत लागलाय," म्हणाला. "कंपनीची बस न्यायला येते. मी बसून खाईन." हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग चप्पल घालता घालता म्हणाला, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही, अम्मा. सांगणारही नाही." आणि गेला.

काय सांगितलेलं नाही, हे तू विचारशील. मी उत्तर देणार नाही.

तुझे काका रोज सकाळी तयारी करतात. डबा मांडीवर घेतात, कार्डं हाताने लावतात. त्या पेनाने कागदावर चर पडलेत, बोट फिरवून ते नंबर सांगतात. "सात. खालची खाच खोल. एकोणीस. टोकाला दोन दात." एकही चुकत नाही. तू इथे असतीस तर तुला लाज वाटली असती.

मला पुन्हा लिहू नकोस. लिहायचंच असेल तर माफी लिही.

चंद्रिका

*

तांबरम,
१४ जुलै २०२५

चि. संयुक्ता,

हे पत्र एका बैठकीत वाच. बोटीवर नको, ऑफिसात नको.

डिस्क बिघडलेली नाही. उडदाच्या डाळीच्या डब्यात, जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवली होती. या पत्राबरोबर पाठवते आहे. अलमेलूचा भाऊ तुझ्या हातातच देईल, दुसऱ्या कुणाजवळ देणार नाही.

काय झालं ते आधी सांगते. गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी तुझे काका म्हणाले, मला प्रश्न विचार, तिथे विचारतील तसे. तयारी हवी. मी म्हटलं, पुरे झालं. ऐकेनात. मग मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "२०१५ साली सात नंबरचा डॉल्फिन कुणी पाहिला?"

"आम्ही पाहिला."

"तुम्हाला तेव्हा दिसत होतं?"

मी हे विचारायला नको होतं. पण तुझा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि तोच तिथे विचारला जाणार हेही कळत होतं. वाटलं, चिडतील, उठून जातील, सुनावणीचं खूळ सुटेल.

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "इल्लै. मला कुठे दिसत होतं? मी बटण दाबत होतो. बघायची ती चंद्रिका. मी तिथे तेच सांगणार. माझे डोळे नव्हते, तिचे होते. ती बत्तीस वर्षं टीचर होती, हजेरीत तिची एक रेघ चुकायची नाही. ती माझ्याशेजारी उभी राहील आणि सांगेल."

त्यांनी कार्डांची गड्डी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सांग. सात नंबर."

मी गड्डी परत डब्यात ठेवली.

आता तू ऐक. पहिल्यांदा मी लबाडी करायला बसले नव्हते. जानेवारी २०१३. डॉक्टरांनंतर पहिल्यांदाच ते बोटीवर जायला तयार झाले, एळुमलैने हाताला धरून नेलं. संध्याकाळी मी फोटो लावले. एकशे सत्तर फोटो, त्यात पाणी, आकाश, बोटीची कड आणि चार-पाच काळे डाग. ते शेजारी बसलेले, बोटीवरचा कोट अजून अंगात, आणि चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रंग. म्हणाले, "माझा चष्मा बरोबर नाही, तूच बघ. कोण आलंय?" मी एका डागाकडे बघितलं आणि म्हटलं, "सात नंबर वाटतो." त्यांनी सातचं कार्ड काढलं, त्यावर बोट फिरवलं आणि हसले. मी त्या दिवशी चार नंबर सांगितले. त्या रात्री ते जेवले.

पुढे एळुमलैच्या लक्षात आलं. तो स्वतःच कॅमेरा घ्यायला लागला. "सार, मी धरतो, तुम्ही दाबा," म्हणायचा आणि तोच दाबायचा. त्यामुळे फोटो चांगले यायला लागले. तेव्हा मी थांबायला हवं होतं. तेव्हापासून मला खरं खरं दिसत होतं, संयुक्ता. कोण आलंय ते दिसत होतं आणि कोण येत नाही तेही.

आणि मी शाळेतलं केलं. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. आमच्या शाळेत हजेरी पाऊण भरली नाही तर मुलाला परीक्षेला बसू देत नसत. वीटभट्टीवर गेलेली मुलं दोन-दोन महिने यायची नाहीत. मी त्यांच्या नावापुढे हजर लिहायची. बत्तीस वर्षांत किती जणांना लिहिलं, मोजलं नाही. त्यातली कितीतरी शिकली, मला भेटायला येतात, पाया पडतात. मला कधी चूक वाटली नाही. पहिल्या पत्रात एकही खोटी नाही म्हणून लिहिलं, ते धडधडीत खोटं होतं.

तसंच मी इथे केलं. डॉल्फिन वर्षातून एकदा दिसला तरी जिवंत धरतात, हे मला ठाऊक होतं. वर्ष संपत आलं की मी यादी घेऊन बसायची. कोणाच्या नावापुढे हजेरी नाही? अकरा नाही, सव्वीस नाही. मग पुढच्या रविवारी अकरा यायचा, त्याच्या पुढच्या रविवारी सव्वीस. कुणाला मागे ठेवलं नाही. नवीन कार्ड मात्र मला करता आलं नाही, कारण चित्र ते काढायचे आणि त्यांचा हात आता चालत नव्हता. म्हणून कुणी जन्मलं नाही. तू ते बरोबर पकडलंस. शाळेत असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते.

मी त्यांच्यासाठी केलं, असं मला वाटत होतं. आता तसं म्हणायचं धाडस होत नाही.

हे दहा दिवस मी पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो पाहिले. या वेळी चष्मा लावून, कार्ड समोर ठेवून, जे दिसलं तेच लिहिलं. आकडे असे. २०१२ साली एकेचाळीस. २०१३ साली सदतीस. मग चौतीस, एकतीस, एकोणतीस, सव्वीस. २०१८ साली तुझे चोवीस. एकदम काही पडलं नाही. दर वर्षी दोन-तीन-चार गेले, पायऱ्या उतरल्यासारखे. शंभरातले नव्वद-एक्याण्णव उरत होते, तू म्हणतेस तसे पंच्याण्णव नाही. नवी जाळी यायच्या पाच वर्षं आधीपासून ते मरत होते, किंवा जात होते. कशाने, ते मला कळत नाही. ते शोधणं तुझं काम आहे. पण कुप्पमच्या जाळ्यांनी नाही, हे मी लिहून देते.

एळुमलैला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर त्याची जाळी वाचली असती. तो दारात उभा राहून माझ्या नवऱ्याच्या अब्रूची काळजी करत होता आणि मी त्याला घर कसं चालेल विचारत होते. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

आणि त्याहून वाईट हे. २०१४ साली मी खरं लिहिलं असतं, तर तेव्हाच कुणीतरी विचारलं असतं की हे कमी का होतायत. तू असतीस विचारायला. अकरा वर्षं गेली. मी त्यांना कागदावर हजर ठेवलं, म्हणून ते जात होते हे कुणाला दिसलंच नाही.

तुझ्या काकांना मी त्याच शनिवारी सांगितलं. सगळं. ते ऐकत होते. मधे एकदाच बोलले. "बारा?"

बारा नंबर म्हणजे कोण, ते तुला लिहायला माझा हात वळत नाही. अकरा वर्षांची होतीस, बोटीत उलटी करून नुकतीच उठली होतीस, आणि हिचं पराचं टोक गोल, तळलेल्या बोंड्यासारखं, म्हणून ओरडलीस. त्या दिवसापासून ती बोंडा. दर रविवारी स्कॉटलंडहून फोन यायचा. "काकू, बोंडा दिसली?" आणि मी म्हणायची, हो गं, दिसली. पिल्लू होतं बरोबर. पिल्लूसुद्धा मीच घातलं. तुझ्या प्रबंधात तिचं वेगळं पान आहे, सलग पंधरा वर्षं दिसलेली मादी. २०१८ साली परत आलीस आणि दोन हंगाम तिला शोधत फिरलीस, एकाच वर्षाने चुकले म्हणून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि गप्प बसले. त्यानंतरच तू त्या जाळ्यांच्या मागे लागलीस, संयुक्ता. मला तेव्हाच कळलं होतं, का लागलीस ते.

त्या दिवसापासून तुझे काका माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, पण वाढायला अलमेलू लागते. औषध अलमेलूकडून घेतात. मात्र रोज संध्याकाळी पाच वाजता खुर्चीत बसतात, डबा मांडीवर घेतात आणि एक ते एकेचाळीस नंबर पुकारतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून उत्तर द्यायचं. खरं. हजर असेल तर हजर, नाहीतर शेवटची तारीख. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज अकराला फुटला, तरी थांबले नाहीत. मी रागावले आहे की ते रागावले आहेत, आता मला कळत नाही. पण मी एकही उत्तर चुकवलेलं नाही.

२१ तारखेला आम्ही दोघं येतोय. तुझे काका साक्ष देणार नाहीत, मी देणार आहे. तू पेपर मागे घे किंवा दुरुस्त कर, काय करतात ते तुम्हाला ठाऊक. त्यात त्यांचं नाव घालू नकोस. नोंदी कुणी बिघडवल्या असं कुठे लिहावं लागेल तिथे माझं पूर्ण नाव लिही. एळुमलैला मी निरोप पाठवलाय की त्याने मागे बसू नये, पुढच्या रांगेत बसावं.

तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मी मागत नाही. काकांना धरून जिना चढव, एवढं कर. तिथल्या पायऱ्या उंच आहेत म्हणतात.

पत्राच्या सुरुवातीला या वेळी आशीर्वाद लिहिला नाही. मी द्यावा असं मला वाटेना.

तू मला विचारलंस तो प्रश्न, सहा वर्षं दर रविवारी विचारलास तो, त्याचं उत्तर.

बारा नंबर, बोंडा. शेवटची नोंद १० फेब्रुवारी २०१३. त्यानंतर गैरहजर.

चंद्रिका सुधींद्र राव
निवृत्त शिक्षिका, तांबरम